आणखी दोन पावलं पुढे

सहल रविवारची होती. निवृत्त नर्सबायांचा सव्वीस जणींचा गट, त्यात माझी आईही. सकाळी डोंगरमाथ्यावरचे दोन राजवाडे, दुपारी समुद्रकाठचे उंच कडे. गाईड म्हणून एकटीच्या जबाबदारीवर घेतलेली माझी ही पहिलीच सहल. म्हणून आदल्या दिवशीच ड्रायव्हरकाकांना घेऊन मी सगळा रस्ता पाहायला निघाले.

राजवाड्यांचं काम झटपट झालं. दुखऱ्या गुडघ्यांसाठी मागचा सोपा चढ सापडला, स्वच्छतागृहं उघडी असतात याचीही खात्री केली. तीनच्या सुमाराला आम्ही कड्यांपाशी पोचलो. काका गाडीत थांबले. मी वही घेऊन पायवाटेनं पुढे गेले. कुठे थांबायचं, काय सांगायचं, ते तिथेच उभ्या उभ्या लिहून काढलं.

वही मिटली तेवढ्यात समुद्रावरून धुकं चढलं. आधी क्षितिज गेलं, मग वाट, मग माझेच बूट. लाटांचा आवाज कुणीतरी दार लावावं तसा थांबला. ओल्या लोखंडासारखा वास नाकात भरला.

तेवढ्यात पुढून एका बाईचा आवाज आला.

"सावकाश या हं. घाई घरी ठेवून यायची असते..."

जिवात जीव आला. दुसरी एखादी सहल असेल, त्यांच्या मागून जाऊ, असं म्हणून मी त्या आवाजाच्या रोखानं चालू लागले. दहा-बारा पावलांनी लक्षात आलं. हे वाक्य माझं होतं. पाच मिनिटांपूर्वी लिहिलेलं, कुणाला न दाखवलेलं. आणि आवाजही... माझाच.

"आणखी दोन पावलं पुढे या," ती प्रेमानं म्हणाली. "इथून समुद्र सगळ्यात छान दिसतो."

हे मात्र मी लिहिलं नव्हतं.

पाय तरीही उचलला गेला. नेमका तेव्हाच फोन वाजला. काका होते.

"ताई, आहात तिथेच खाली बसा. हलू नका... मी येतोय."

मी मटकन बसले. किती वेळ गेला कोण जाणे. मग काकांनी दंड धरून मला मागे ओढलं आणि पायवाटेच्या तोंडाशी असलेल्या कठड्यामागे आणून बसवलं. धुकं विरलं तेव्हा पाहिलं, धुक्यात मी बसले होते तिथून कड्याची धार वीतभर लांब होती. थर्मासमधला चहा पिताना मी आधी रडले, मग वेड्यासारखी हसले. पायवाट यादीतून तिथेच खोडली.

रविवारी लख्ख ऊन पडलं. कडे आम्ही कठड्याआडूनच पाहिले. सव्वीसच्या सव्वीस जणी गाणी म्हणत गाडीत चढल्या. "पोरी, जिंकलीस गं," म्हणत आई माझ्या खांद्यावर झोपली. छातीवरचा धोंडा उतरला होता.

घाट उतरल्यावर काकांनी आरशात पाहत हळूच विचारलं,

"ताई, काल तुमचा चेहरा बघून बोललो नाही... पण तुमच्या मागे ओळीनं उभे होते ते लोक कुठल्या सहलीचे? बाजूला सारत सारत यावं लागलं मला. एकही जण हलेना. आणि हात केवढे गार त्यांचे!"