मागे वळणारी मुलं

"जोडी धरा गं, जोडी!" शाळेतल्या शिपाईमामांची ती हाक रेवाळेबाईंना चाळीस वर्षांनंतरही कधीकधी ऐकू यायची. सहल असो की कवायत, मामा आधी शेजारणीचा हात धरायला लावत. आता बाई स्वतः मुख्याध्यापिका होत्या, आणि त्यांच्या शाळेच्या भोंग्यातून रोज प्रार्थनेनंतर एक मंजुळ आवाज सांगायचा, 'हात सोडा. पुढे पाहा. चाला.'

डोंगर काही एकदम कोसळत नाही. आधी तो पोटातल्या पोटात हलतो, मातीला माती सरकते, मुळाला मूळ ताणतं. उतारभर पुरलेल्या काचेच्या तंतूंना ती कुजबुज कळते आणि शाळेला चार मिनिटं मिळतात. तेवढ्यात एकशे बारा पायऱ्या चढून वरचं पठार गाठायचं. डोंगरपट्ट्यातल्या एकतीस शाळांच्या गटासाठी दरडीतून सुटकेचा आराखडा डॉ. काकतकर करत. प्रत्येक शाळेची त्यांनी एक 'छायाशाळा' बनवली होती. संगणकातली हुबेहूब प्रत, त्याच पायऱ्या, तीच मुलं. कोण किती जोरात पळतं, कोण कुणापाशी घुटमळतं, हे मुलांच्या मनगटावरच्या पट्ट्या सांगत आणि ते सगळं छायेत उतरे. मग तिथे दरड पाडायची, दहा हजार वेळा, आणि कोण उरतं ते पाहायचं.

पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आलं की मुलं हळू पळतात म्हणून दगावत नाहीत. मागे वळतात म्हणून दगावतात. त्या ओढीला त्यांनी आकडा दिला, ओढांक. ओढांक उतरला की जीव वाचत. म्हणून दर पंधरवड्याला बाक बदलायचे, मैत्री मुरू द्यायची नाही, आणि भावंडं निरनिराळ्या शाळांत घालायची.

गटात सगळ्यात जास्त ओढांक रेवाळेबाईंच्या शाळेचा निघाला. त्याला कारण त्याच. चौथीच्या प्रत्येक मुलाकडे पहिलीतलं एक मूल सोपवायची त्यांची जुनी पद्धत होती. त्याचं नाक पुसायचं, पाण्याची बाटली भरायची, बुटाची नाडी बांधायची. आराखड्याच्या फॉर्मात 'विशेष उपक्रम' या रकान्याखाली बाईंनी ते हौसेनं लिहिलं होतं, वर दोन पुरवण्या जोडून. लाल शेरा त्या पुरवण्यांवरच आला.

काकतकर स्वतः आले. उपक्रम बंद करायचा होता आणि एक नाव हलवायचं होतं. बिरू ढेबे, चौथी, त्याला नदीपलीकडच्या शाळेत घाला म्हणाले. त्याची धाकटी बहीण तानू पहिलीत होती, उजव्या पायानं अधू.

तानूला उचलायला एखादा शिक्षक नेमता येईल की, असं बाईंनी लगेच सुचवलं. काकतकरांनी छायाशाळेत तेही करून पाहिलं होतं. शिक्षक तीन, मुलं एकशे चाळीस. एक शिक्षक तिच्यात गुंतला की पायऱ्यांच्या तोंडाशी मुलं तुंबायची. मग तानूलाच सपाटीवरच्या शाळेत घाला, बाई म्हणाल्या. गटात तशी शाळाच नव्हती.

"बिरू वळला की अरुंद पायऱ्यांवर मागची मुलं अडतात," काकतकर म्हणाले. "सरासरी नऊ जातात, बाई."

"आणि नाही वळला तर?"

त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "एक."

मग त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. हल्ली छायाशाळा आवाज बंद करून बघतो, एवढंच बोलले.

बाईंनी सही केली. नऊ आणि एक. कुणीही केली असती.

बिरूची आई सुनीता महिन्याभरात तीनदा आली. दोनदा बाईंनी तिला पटसंख्येचा नियम सांगून वाटेला लावलं. तिसऱ्यांदा ती दूध घालून येता येता रिकामी किटली घेऊनच व्हरांड्यात टेकली. तुमच्या त्या यंत्रातली पोरं डबा तरी खात्यात का, असं विचारून स्वतःच हसली. मग सांगू लागली. बिरू जेवत नाही. पलीकडच्या शाळेत कुणाशी बोलत नाही. तानू शाळा सुटली तरी फाटकाशी उभी राहते, हलत नाही.

"त्यानं काय केलं, तेवढं सांगा बाई. चोरी केली का मारामारी? पोराला वाटतंय, शिक्षा झाली."

पटसंख्येचा नियम बाईंच्या ओठांवर आला होता. तो पुन्हा सांगायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"त्यानं काही वाईट केलं नाही, सुनीता. त्या यंत्रात दरड येते आणि तानू खाली राहते. तो तिच्यासाठी मागे वळतो. दहा हजार वेळा वळला. म्हणून मी त्याला काढलं."

सुनीतानं किटली खाली ठेवली. "मग आता तिच्यासाठी कोण वळणार?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. "तसंच ठरवलंय आम्ही. सही माझी आहे."