डावीकडची सीट

लाइट गेले, एसी बंद पडला, म्हणून गच्चीवर आलात ना सगळे? मग पडा आता गप. उकडतंय उकडतंय म्हणून काही वारा सुटत नाही. एक सांगतो. गोष्ट म्हणा हवं तर, पण घडलेली आहे. ज्याच्या बाबतीत घडली त्याच्याबरोबर मी वीस वर्षं चहा प्यायलोय, आणि थापा मारणं त्याला जमण्यातलंच नव्हतं. थाप मारायला थोडी तरी कल्पनाशक्ती लागते. याच्याकडे नुसते पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर.

गाड्यांचे एसी बसवायचा तो. सगळे त्याला गारेगार म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. स्वभावाने मात्र उकळता. एखादा बोल्ट हलला नाही की त्या बोल्टच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण काम चोख. त्याने हात लावलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत दारात आली, असं कधी झालं नव्हतं, आणि याचा त्याला भारी माज होता.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी तो बाईंच्या घरी गाडी आणायला गेला. बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचे यजमान इंजिनिअर, त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेब जाऊन दीड वर्ष झालं होतं. मागे राहिली होती त्यांची लाडकी गाडी. दोनच सीटची, लांब नाकाची, लालभडक, जुन्या जमान्यातली स्पोर्ट्स कार. दिसायला राणी, आणि घाट चढायला लागली की चुलीवरची किटली.

"माझी बहीण घाटाच्या वर राहते," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं याच गाडीतून जातेय तिच्याकडे, आणि एकतीस वर्षं घामाने निथळत उतरतेय. ऐन उन्हाळ्यात हीटर चालू! ह्यांचं म्हणणं, हीटर लावला नाही तर इंजिन उकळेल."

यात खोटं काही नव्हतं. जुन्या गाड्यांत हीटर म्हणजे इंजिनचंच गरम पाणी फिरवून त्याची धग आत सोडायची. धग आत आली की इंजिन तेवढं निवतं. जुने ड्रायव्हर घाटात हेच करायचे.

"मी कुरकुर केली की म्हणायचे, अगं, मीही याच गाडीत बसलोय ना, मलाही तेवढंच गरम होतंय. मग काय बोलणार?" बाई म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी बहिणीचं ऑपरेशन आहे. हृदयाचं. बुधवारी सकाळी मला निघायचंय. तिला शब्द दिलाय, या खेपेला काचा वर करून, थंडगार बसून येते म्हणून. म्हणाली, तेवढं बघितलं की मी बिनघोर आत जाते."

"बाई, टॅक्सीने गेलात तर..."

"टॅक्सी करायची अक्कल मलाही आहे."

झालं. साहेबांनी हयातीत बाईंना त्या स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. ते गेल्यावर बासष्टाव्या वर्षी बाई गाडी शिकल्या, आणि शिकल्या त्या याच गाडीवर. गारेगारने काम घेतलं. हातात आठ दिवस होते.

त्याने कसूर ठेवली नाही. जुना पितळी रेडिएटर काढून दुप्पट जाडीचा ॲल्युमिनियमचा घातला. पुढे दोन विजेचे पंखे. नवा वॉटर पंप, नवे होस पाईप. मग एसीचा कंप्रेसर, कंडेन्सर, डॅशबोर्डवर डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा हवेच्या जाळ्या. गॅस भरला. दुकानात तासभर इंजिन चालू ठेवलं, इंजिनच्या तापमानाचा काटा अर्ध्यावरून हलला नाही. जाळीपुढे हात धरला तर बोटं गारठली. गारेगार खूश.

शनिवारी गाडी घाटात नेली. तिसऱ्या वळणावर काटा चढू लागला. उजवीकडून थंड हवा, डावीकडून गरम. बघतो तर हीटरचा लिव्हर आपोआप सरकून लालकडे, म्हणजे गरमकडे, गेलेला. त्याने लिव्हरला शिव्या घातल्या, परत आला, केबल घट्ट केली. रविवारी पुन्हा तेच. तिसरं वळण, काटा वर, लिव्हर लालकडे, डावीकडून भट्टी. त्याने हीटरचं पाणी अडवणारी चावीच बदलली. थर्मोस्टॅट बदलला. पाण्यात हवा अडकली असेल म्हणून अर्धी रात्र गाडीचं नाक वर उचलून बुडबुडे काढत बसला. सोमवारी पुन्हा घाट. पुन्हा तेच! बोनेट आपटून तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसला आणि त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. माझ्यासमोर कबूल केलं त्याने. इतकं त्याला कुठल्याच गाडीने रडवलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी त्याने ठरवलं, हीटरच नको. बाई, इंजिन, साहेब, सगळ्यांना पुरून उरणारा तोडगा. हीटरची अख्खी पेटी उपटून बाहेर काढली, पाण्याचे दोन्ही पाईप एकमेकांना जोडून टाकले. केबल कापली. डॅशबोर्डवर राहिला तो नुसता लिव्हर, कशालाही न जोडलेला.

पेटी काढताना त्याला एक गंमत दिसली. हीटरला दोन तोंडं असतात, एक ड्रायव्हरच्या पायाशी, एक शेजारच्याच्या. ड्रायव्हरकडचं तोंड पत्र्याने बंद केलेलं होतं. बेताने कापलेला पत्रा, चार बाजूंना चार रिव्हेट, कडा कानशीने घासलेल्या. सावकाश बसून, मन लावून केलेलं काम. सगळी धग डावीकडे.

तेवढ्यात बाईंचा फोन आला, गाडी झाली का म्हणून. हा आठ दिवसांचा वैतागलेला. काय बोलतोय याचं भान राहिलं नाही. "होईल कशी बाई? साहेबांनी एकेक करामती करून ठेवल्यात! स्वतःकडचा झोत पत्र्याने बंद करून बसले होते एवढी वर्षं. ते मजेत, गरम हवा सगळी तुमच्या पायांवर!"

याने फोन कानाला आणखी घट्ट लावला.

"बाई?"

"...सकाळी सहाला गाडी घ्यायला येते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. गारेगारने कपाळावर हात मारला. पण बोलून गेलं ते गेलं.

तारीख सांगतो. चौदा मे, मंगळवार. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी तो शेवटच्या चाचणीसाठी एकटाच निघाला. चांदणं नव्हतं. घाटाच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. काचा वर, एसी चालू, हवा अशी गार की त्याने बाह्या खाली ओढल्या. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. काटा अर्ध्यावर. गारेगार शीळ घालायला लागला.

तिसऱ्या वळणावर टक्क झालं.

त्याने खाली पाहिलं. लिव्हर लालकडे.

केबल कापलेली होती. त्यानेच कापली होती. त्याने लिव्हर परत निळ्याकडे ढकलला आणि गाडी पुढे काढली. काटा चढायला लागला. पाऊण. लालच्या जवळ. टक्क. लिव्हर पुन्हा लालकडे. आणि डावीकडच्या जाळीतून गरम हवा आली. हीटर नसलेल्या गाडीत. काटा भराभर उतरला.

तुम्ही असता तर तिथूनच पळाला असता. गारेगारचं पित्त खवळलं. आठ दिवसांचा राग सगळा बाहेर पडला. गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, आणि लिव्हर निळ्याकडे ओढून वर तळहात दाबून धरला. "हीटर काढलाय!" तो ओरडला. "काढलाय मी! दुकानात पडलाय! आणताय कुठून?"

लिव्हर तळहाताखाली सरकू लागला. त्याने जोर लावला. तिकडूनही जोर आला.

मग त्याच्या हातावर हात पडला.

दिसलं काही नाही. वजन होतं. पाच बोटं होती. गार... कोरडी. घामाचा लवलेश नाही. बोटांनी त्याचा हात हळूच उचलला, बाजूला ठेवला. लहान मुलाचा ठेवतात तसा. आणि लिव्हर लालकडे गेला.

गारेगारच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने किल्ली फिरवली. इंजिन बंद. पंखे थोडा वेळ फिरले. मग तेही थांबले.

काहीच आवाज नाही.

...

उजवीकडचं दार उघडलं. त्याच्या बाजूचं. बाहेरून. सावकाश, पूर्ण उघडलं... आणि तसंच राहिलं. कुणीतरी धरून उभं असावं तसं. उतरा, म्हणत असावं तसं.

तो उतरला. दोन पावलं मागे सरकला. ड्रायव्हरची सीट करकरली. गादी खाली दबली.

कितीतरी वेळ तो तिथे उभा होता. पळावं तर बाई सकाळी सहाला येणार. शेवटी त्याने हात जोडले. गाडीत कोणी दिसत नसताना. "साहेब," तो म्हणाला, "बाईंच्या बहिणीचं ऑपरेशन आहे हो. त्यांना पोचायचंय. जाऊ द्या."

...

गादी वर आली. अगदी हळू. कुरकुरत उठल्यासारखी.

तो बसला. लिव्हर लालकडेच राहू दिला. ताशी वीसच्या वेगाने घाट उतरला, डावीकडे पाहिलं नाही.

पहाटे पाचलाच तो गाडी घेऊन बाईंच्या दारात. बाई बॅग भरून तयार. डोळे सुजलेले, पण वेणीफणी नेटकी. याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. वर माफी मागितली. "बाई, मी हात टेकले. गाडी नका नेऊ. मी टॅक्सी बोलावतो."

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. शाळेत मुलीची सबब ऐकत तशी.

"दार त्यांच्याच बाजूचं उघडलं?"

"हो."

"म्हणजे चालवायची आहे त्यांना."

त्या गाडीपाशी गेल्या. वळसा घालून डावीकडे आल्या आणि डावीकडचं दार उघडून धरलं.

"अहो," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "आज तुम्ही इकडे बसायचं. गाडी मी चालवणार आहे."

गारेगार म्हणतो, रस्त्यावर तेव्हा पानही हलत नव्हतं. बाई दार धरून उभ्या राहिल्या. एक मिनिट. दोन मिनिटं. मग गाडी डावीकडे थोडीशी कलली. बाईंनी दार लावलं, नीट लागलं का ते ओढून बघितलं, उजवीकडे येऊन बसल्या आणि निघून गेल्या.

पुढचे चार दिवस या माणसाने कामाला हात लावला नाही. फोन करायचं धाडस नाही. घाटातून कुणी आलं की विचारायचा, लाल गाडी कुठे पडलेली दिसली का?

शनिवारी संध्याकाळी सहाला गाडी दुकानासमोर येऊन थांबली. काचा वर. बाई उतरल्या. अंगावर शाल होती. त्या उन्हाळ्यात शाल!

"ऑपरेशन?" त्याने विचारलं.

"छान झालं. शुद्धीवर आल्यावर म्हणते कशी, तुझा चेहरा लाल नव्हता गं या वेळी." बाई हसल्या आणि मग त्यांनी डोळे पुसले. "काटा अर्ध्याच्या वर गेला नाही हो. जाताना नाही, येताना नाही. थंडी वाजली मला."

"आणि लिव्हर?"

बाईंनी गाडीकडे बोट दाखवलं. त्याने आत वाकून पाहिलं. लिव्हर लालकडे होता. बाईंची सीट कोरडी, थंडगार. मग तो डावीकडे गेला आणि दार उघडलं.

डावीकडची सीट भिजलेली होती. सगळी नाही. पाठ टेकते तेवढी, खांदे टेकतात तेवढी, खाली दोन मांड्या. बाकीचं रेक्झिन कोरडं ठणठणीत.

"पाणी सांडलं का, बाई?"

"नाही."

"कुणी बसलं होतं?"

"मी एकटीच होते," बाई म्हणाल्या. "जातानाही, येतानाही."

त्याने फडकं घेतलं आणि सीट पुसली. कोमट होतं ते. फडकं पिळलं तर हाताला वास आला, पुरुषी घामाचा. पुन्हा पुसलं. सीट लख्ख कोरडी झाली. बाई त्याच्यामागे उभ्या राहून बघत होत्या.

आणि दोघांच्या देखत, कोरड्या रेक्झिनवर, खांद्याच्या उंचीला... एक थेंब आला. शेजारी दुसरा. आणि सावकाश खाली ओघळले.