मोरझिऱ्यावरचा ढीग

“दोन कोस जायचं आणि दोन कोस यायचं? ह्या उन्हात? मी नाही येत!” इंदरमल ओट्यावर पाय पसरून म्हणाला.

“मग झोप इथेच! मी आणि जाहेदा जातो,” सूरज म्हणाली.

“जाऊन बघणार काय, तर बकरीच्या लेंड्या! धुळ्याच्या बोर्डिंगमधली पोरं विचारतील, सुट्टीत काय बघितलंस? त्यांना काय सांगू?”

जाहेदा फिस्सकन हसली. सूरज मात्र हसली नाही. ती समोर बघत होती. समोर, रस्त्याच्या पलीकडे, कोंडवाड्याच्या दाराशी रूपलीबाई बसली होती.

१९३७ सालचा मे महिना होता. इंदर आणि त्याची धाकटी बहीण सूरज अक्कलकुव्याहून खापरला मामाच्या घरी सुट्टीला आली होती. मामासा किशनलाल यांचं किराणा दुकान भर बाजारात होतं. शेजारी फकीरभाई पिंजारी राहत. त्यांची जाहेदा सूरजहून वर्षाने मोठी. दोघींची गट्टी आणि इंदरशी दिवसातून चार भांडणं, असं दर सुट्टीत चालायचं.

रूपलीबाई डोंगरातल्या पाड्यावर एकटी राहायची. चारोळ्या, मोहाची फुलं, मध असं काहीबाही घेऊन ती दुकानात यायची आणि पोरांच्या हातावर मूठभर चारोळ्या ठेवल्याशिवाय जायची नाही. तिच्या सात बकऱ्या हाच तिचा संसार. रविवारी संध्याकाळी जंगलाची राखण करणाऱ्या दोधू नाकेदाराने त्या सातही बकऱ्या कोंडवाड्यात आणून कोंबल्या होत्या. जंगलखात्याने मोरझिऱ्याजवळ नवी रोपं लावली होती. त्यांना काट्यांचं कुंपणही घातलं होतं. त्या कुंपणाच्या आत नाकेदाराला लेंड्यांचा मोठा ढीग सापडला. शुक्रवारी रेंजरसाहेब यायचे होते. त्यांनी एकदा हुकूम दिला, की लगेच शनिवारच्या बाजारात बकऱ्यांचा लिलाव!

आज मंगळवार. दोन दिवस म्हातारी सकाळी डोंगर उतरून पाल्याचा भारा आणायची, फटीतून बकऱ्यांना चारायची आणि मग तिथेच बसून राहायची. रडत नव्हती. कुणाशी भांडतही नव्हती. नुसती बसायची.

“माय, खरं सांग, तुझ्या बकऱ्या गेल्या होत्या का गं तिकडे?” सूरजने तिला विचारलं होतं.

“नही वं पोरी. मन्ह्या बकऱ्या तठे गयातच नही,” म्हातारी म्हणाली होती. तेवढं बोलूनसुद्धा तिला धाप लागली होती.

आता जाहेदा एकदम म्हणाली, “इंदर, कोंडवाड्यात डोकावून आलास का तू?”

“त्यात काय बघायचं?”

“मी बघितलं. सात बकऱ्या दोन दिवस आत आहेत. लेंड्या सगळीकडे पसरल्यात. ह्या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात, पाण्याच्या कुंडीतसुद्धा! ढीग कुठेच नाही. आमच्या घरी एक बकरी आहे, ती चालता चालता अंगणभर सांडत जाते. तिने एका जागी ढीग घातला असता, तर अम्मीने मला रोज अख्खं अंगण कशाला झाडायला लावलं असतं?”

इंदर उठून बसला.

“मग नाकेदाराला ढीग कसा सापडला?”

“तेच बघायला जायचंय!” सूरज म्हणाली. “येतोस की झोपतोस?”

इंदरने कुरकुरत पायात वहाणा घातल्या.

मोरझिरा म्हणजे डोंगराच्या कुशीतला बारीकसा झरा. उन्हाळ्यातही त्यात पाणी असे. तिघं पोचली तेव्हा सूरजचं तोंड लालबुंद झालं होतं, इंदरच्या वहाणेचा अंगठा तुटला होता आणि जाहेदाची ओढणी घामाने भिजली होती. कुंपणाला एका ठिकाणी खालून वाट पडली होती. तिथून सरपटत तिघं आत गेली.

ढीग खरोखरच होता! एका सागाच्या बुंध्याशी सुपाएवढा! आणि आजूबाजूला एक लेंडी नाही.

इंदरने काडीने ढीग उकरला. तळाच्या लेंड्या पांढऱ्या पडल्या होत्या, हात लावताच त्यांचा भुगा झाला. त्यावरच्या तपकिरी. आणि सगळ्यांत वर काळ्या कुळकुळीत, ओलसर, चकाकणाऱ्या!

“शी! काय बघतोयस एवढं वाकून?” सूरज नाक दाबून म्हणाली.

“गप्प! अगं, ह्या आजच्या आहेत! आज सकाळच्या!”

“मग?”

“मग काय? बकऱ्या रविवारपासून कोंडवाड्यात आहेत, वेडे! आज मंगळवार!”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. कोण येत होतं इथे? आणि रोज ह्याच झाडाखाली का?

धावत गावात येऊन त्यांनी दोधू नाकेदाराला गाठलं. तो पडवीत खाटेवर लोळत होता. एक डोळा उघडून तो म्हणाला, “दुसऱ्या कोणाच्या बकऱ्या गेल्या असतील. त्यासले बी पकडसू. काय करी ऱ्हायनात रे तुम्ही जंगलमा? जा घर!”

“पण ढीग महिन्याभराचा आहे!” इंदर म्हणाला.

“म्हणजे म्हातारीनं महिनाभर चोरी केली!” नाकेदार म्हणाला आणि कूस बदलून घोरायला लागला.

बुधवारी तिघं पुन्हा निघाली. मामीसा उमरावबाईंनी दशम्या बांधून दिल्या आणि वर बोलणीही दिली. “सुट्टीत माणसाचं अंग भरतं. ह्यांची हाडं दिसायला लागली!”

ढिगापासून वीस पावलांवर करवंदीची जाळी होती. तिच्यामागे तिघं दबून बसली. एक तास गेला, दोन गेले. मुंग्या चावल्या. इंदर बोर्डिंगच्या गोष्टी कुजबुजत होता, सूरज त्याला चिमटे काढत होती, आणि जाहेदाला भर दुपारी शिंका आल्या, एकामागून एक पाच! कोणीच आलं नाही. सूर्य कलल्यावर तिघं परत निघाली. बोलायला लाळही उरली नव्हती.

कोंडवाड्याशी रूपलीबाई होती तशीच होती. सर्वांत लहान करडू पाय दुमडून पडलं होतं आणि पाला तोंडाशी धरूनही खात नव्हतं.

“उद्या पुन्हा जायचं,” सूरज म्हणाली. इंदर ‘नाही’ म्हणाला नाही.

गुरुवारी मात्र मोरझिऱ्याशी पोचताच तिघं जागीच थबकली. दोधू नाकेदार ढिगापाशी उकिडवा बसला होता. हातात केरसुणी, शेजारी गोणपाट! त्याने एकूण एक लेंडी गोणपाटात भरली होती.

“अहो, हे काय केलंत?” इंदर ओरडला.

“पुरावा!” नाकेदार ऐटीत म्हणाला. “उद्या साहेबासमोर ओतणार. एक दाणा ठेवला नही, देखा!”

जमीन खरंच अंगणासारखी साफ झाली होती. नाकेदार पाठीवर गाठोडं टाकून शीळ घालत निघून गेला.

“संपलं सगळं,” जाहेदा म्हणाली. “चला घरी.”

पण जायचं कसं? ऊन डोक्यावर आलेलं. सूरजच्या टाचेला मोठा फोड आला होता. चार पावलं टाकून ती मटकन खाली बसली. “मला नाही चालवत. थोडं पडू या जाळीमागे. ऊन उतरलं की जाऊ.”

तिघं सावलीत आडवी झाली. इंदर बडबडला नाही, सूरजने चिमटा काढला नाही, जाहेदाला शिंकही आली नाही. कोणाच्याच अंगात त्राण नव्हतं. झऱ्याचं पाणी तेवढं टिपटिप वाजत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे! सूरजने अर्धवट डोळे उघडले. तिने हळूच जाहेदाचा हात दाबला, जाहेदाने इंदरचा.

झऱ्यावर एक जनावर पाणी पीत होतं. बकरीहून थोडं उंच, तांबूस तपकिरी, पायांच्या काड्या. पाणी पिऊन ते कुंपणाच्या खालून अलगद आत शिरलं. आता ते अगदी समोर आलं. डोक्यावर दोन सरळ शिंगं. आणि त्यांच्या पुढे, कपाळावर, बोटाच्या पेरांएवढी आणखी दोन!

“चार शिंगं!” इंदर ओठांतल्या ओठांत म्हणाला.

जनावर डोलत डोलत थेट त्या सागाशी गेलं. साफ केलेल्या जमिनीचा त्याने वास घेतला. जरा गोंधळल्यासारखं केलं. एक चक्कर मारली आणि बरोबर त्याच जागी, अगदी तस्सं, पाठ वाकवून बसलं!

सूरजने तोंडात ओढणी कोंबली. जाहेदाच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. जनावराने आपलं काम सावकाश उरकलं, कान हलवले आणि झाडीत नाहीसं झालं.

“ठरलेल्या जागी जातं!” जाहेदा पोट धरून म्हणाली. “या अल्ला! जंगलात राहून ठरलेल्या जागी जातं!”

“आता ह्या लेंड्यांना कुणी हात लावायचा नाही,” सूरज म्हणाली. “आणि नाकेदाराला चकार शब्द सांगायचा नाही. उद्या तोच आपल्याला मदत करणार आहे!”

शुक्रवारी सकाळी रेंजरसाहेब तट्टावरून आले. तीन आठवडे ते डोंगरात फिरत होते. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. कोंडवाड्यासमोर खुर्चीत बसल्यावर त्यांनी आधी बूट काढले. मामासा, फकीरभाई आणि बाजारातली पाच-दहा माणसं जमली. दोधूने गोणपाट उलटं केलं. “साहेब, ह्या लेंड्या तिन्ह्याच बकऱ्यासन्या शेतस!”

साहेबांनी थकल्या नजरेने ढिगाकडे बघितलं. “बरं. बाई, तुझं काय म्हणणं?”

रूपलीबाईने मान वर केली नाही. तेवढ्यात सूरज पुढे झाली.

“साहेब, मी नाकेदारकाकांना विचारू का? काका, तुम्ही सगळ्या लेंड्या उचलल्यात ना? एखादी राहिली असेल!”

“एक नही ठेवली!” दोधू छाती फुगवून म्हणाला. “केरसुणीनं झाडी काढी जागा. काल सकाळी.”

“आणि बकऱ्या कधीपासून आत आहेत?”

“रविवारपासून. किल्ली मन्ह्या कंबरेले शे. कोणाची टाप शे सोडायची!”

“मग साहेब,” सूरज वळून म्हणाली, “मोरझिऱ्यावर चला. तिथे त्याच जागी काल दुपारी नव्या लेंड्या पडल्यात!”

लोकांत कुजबुज झाली. दोधूची छाती जरा खाली आली.

“पोरी, त्यासाठी मी आता दोन कोस जाऊ?” साहेब म्हणाले.

“आम्ही तीन वेळा गेलो, साहेब. चालत.”

साहेबांनी तिच्या फोड आलेल्या टाचेकडे बघितलं. मग एक सुस्कारा सोडून पुन्हा बूट चढवले. “चल. तू तट्टावर बस. मी चालतो.”

सागाखालच्या साफ जागेत नव्या लेंड्या होत्या. आजच्या सकाळच्याही होत्या! साहेब गुडघ्यांवर बसले. इंदरने सगळं सांगितलं, वास घेणं, चक्कर मारणं, अगदी बसून दाखवलंसुद्धा! आधी साहेबांच्या मिशा हलल्या, मग ते इतके हसले की त्यांना झाडाला टेकावं लागलं.

“चौशिंगा! अरे, चार शिंगांचं दुसरं जंगली जनावर जगात नाही! शिंगं फक्त नराला. त्याला रोज पाणी लागतं, म्हणून झऱ्याजवळ राहतो. आणि ठरलेल्या जागीच जातो. दोधू, कोवळे शेंडे त्यानेच खाल्ले असतील. घाल त्याला कोंडवाड्यात! आधी पकडून आण!”

दोधू जमिनीकडे बघत उभा राहिला.

“पोरांनो, वीस वर्षं मी जंगलात आहे,” साहेब हळूच म्हणाले. “मला आजवर त्याची पळती पाठच दिसली. तुम्ही त्याला सुखाने बसलेला बघितलात! शाबास! माझ्या खात्यात तुमच्यासारखे डोळे हवेत.”

परत आल्यावर कोंडवाड्याचं दार उघडलं. सहा बकऱ्या लडखडत बाहेर आल्या. करडू दोधूने उचलून आणलं. ते पाड्यापर्यंत खांद्यावर न्यायचं, असा साहेबांचा हुकूम होता. मामासांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. “चार दिवस मी ह्यांना उनाड म्हणत होतो!” फकीरभाईंनी जाहेदाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

सूरज रूपलीबाईजवळ जाऊन बसली. “माय, तुला माहीत आहे का, ते जनावर रोज त्याच जागी...”

“माहीत शे ना,” म्हातारी म्हणाली. “तो चारशिंग्या. लहानपणपासून देखस मी त्याले.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“नाकेदारले दोनदा सांगं. तो म्हणे, चूप बस. तिसऱ्यांदा सांगाले जीवच नही ऱ्हायना, पोरी.”

सूरजला आठवलं, आपणही तिला एकच प्रश्न विचारला होता आणि मग धावत सुटलो होतो.

रेंजरसाहेब खुर्चीतून उठले आणि म्हातारीसमोर धुळीत मांडी घालून बसले.

“बाई, तिथे आणखी कोणकोण येतं?”

म्हातारीने त्यांच्याकडे निरखून बघितलं. “ऐकशी का? मंग बठ नीट.”

साहेब नीट बसले. तिघं पोरंही बसली. जरा वेळाने, खांद्यावर करडू घेतलेला दोधूही बसला.