रेघा उगवून राह्यल्या

"हसू नका ना जी," पवन कॅमेऱ्यामागून म्हणाला.

"मी कुठं हसून राह्यली?" असं म्हणून ती पुन्हा हसली.

मार्चमधली दुपार होती. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, म्हणून हॉल रिकामा मिळाला होता. कोपऱ्यात पवननं टेबल मांडलं होतं. लॅपटॉप, मागे पांढरा पडदा, कॅमेरा, आणि बोटांचे ठसे घ्यायची काचेची मशीन. पवन शेलूबाजारचा, पण नोकरी नागपूरच्या एका कंपनीत. परदेशी निघालेल्या लोकांचे फोटो आणि ठसे घेऊन त्या त्या देशाच्या सरकारकडे पाठवायचे, हे त्याचं काम. पेटीत मशीन घालून तो गावोगावी फिरायचा. आज जर्मनीला निघालेल्या नर्स मुलींची पाळी होती.

"दात दिसले तर फोटो परत येते तिकडून," तो शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाला.

"काहून? जर्मनीत दात चालत नाई काय?"

मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या मुली फिसकन हसल्या. पवननं ओठ दाबले. समोरची मात्र आता सरळ त्याच्याकडे बघत होती. सावळा, उन्हानं रापलेला चेहरा, आणि डोळ्यांत असं काही की… त्यानं घाईघाईनं बटण दाबलं. फोटो आला. दात नव्हते त्यात, पण डोळे हसतच होते. डोळ्यांबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं.

"नाव?"

"चंदा. चंदा बाबूसिंग."

"आता उजव्या हाताची चार बोटं इथं ठेवा…" 'ताई' हा शब्द त्याच्या जिभेवर आला आणि तिथंच अडकला. सकाळपासून तो सगळ्यांना ताई म्हणत होता. हिलाच का म्हणता येईना, कोण जाणे.

चंदानं बोटं काचेवर ठेवली. लाल दिवा. पुन्हा ठेवली. लालच. पवननं काच पुसली, तिला हात पुसायला रुमाल दिला.

"मी जरा दाबून पाहू काय? चालेल ना?"

तिनं मान हलवली. त्यानं तिची बोटं हलकेच काचेवर दाबली, आणि एवढ्या बोलक्या मुलीचे हात इतके खरखरीत असतील असं त्याला वाटलं नव्हतं. बोटांची टोकं दगडासारखी गुळगुळीत झाली होती. मध्येच चिरा. पडद्यावर रेघांच्या जागी नुसता पांढुरका धब्बा उमटला.

"तुमच्या बोटांच्या रेघा गेल्या कुठं?"

"उसात राह्यल्या," ती म्हणाली. या वेळी हसली नाही.

मग तिनं सांगितलं. मालेगावजवळच्या बंजारा तांड्यावरची ती. नर्सिंग झालं, जर्मन भाषेची परीक्षा झाली, कागदपत्रं यायला वेळ होता. आई-बाप दरवर्षीसारखे ऊसतोडीला गेले आणि हंगाम अर्ध्यावर असताना आईचं, रुपाबाईचं, मनगट मोडलं. "जोडी असल्याबिगर मुकादम ठेवत नाई. बापू एकटे पडले. मंग मी धरला कोयता."

नियम पवनला पाठ होता आणि तो सांगताना त्याला स्वतःचाच राग आला. इथं दिलेले ठसे त्या देशात आधी पोचतात. मग विमानातून उतरल्यावर सीमेवरच्या खिडकीत पुन्हा बोटं टेकवायची. दोन्ही जुळले की दार उघडतं. ठसेच नसतील तर फाइल पुढं सरकत नाही.

"म्हंजे माह्या आधी माही बोटं जाऊन राह्यली जर्मनीले," चंदा हळूच म्हणाली. "अन् तिथं ठेवून घेतीन ते?"

"सरकार ठेवते. काई वर्षं."

"अन् तुमच्या मशीनमधी?"

"आमच्याकडे काई नाई राह्यत. पाठवलं की पुसून जाते."

"काईच नाई राह्यत?" तिनं डोळे बारीक करून विचारलं.

पवनला एकाएकी लॅपटॉपची वायर सरळ करायची आठवण झाली.

"रेघा परत येतात," वायरकडे बघतच तो म्हणाला. "फक्त हाताले आराम द्या. भांडी नाई, धुणं नाई, कोयता तर नाईच. राती खोबऱ्याचं तेल लावा. एप्रिलमधी मी पुन्हा येतो इथंच. पण त्या वेळी जमलंच पाह्यजे… नाई तं तुमच्या बॅचची तारीख निघून जाईन."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. "तांड्यावर हाताले आराम म्हंजे लय मोठं काम सांगतलं तुमी."

त्या रात्री शेलूबाजारला घरी पोचल्यावर पवनला जेवण गेलं नाही. चंदाचा फोन नंबर कामाच्या यादीत होता. हात कसे आहेत, एवढंच तर विचारायचं. त्यानं मोबाइल उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी आईच्या, मनकर्णाबाईच्या, हातात देऊन टाकला. "आजची रात हा तुह्याजवळ ठेव."

"काहून? बिघडला?"

"मी बिघडलो," तो पुटपुटला.

आठवडा गेला. एका सकाळी कारंज्याला जाणाऱ्या एसटीत पवनचा फोन वाजला. ठसे घ्यायच्या केंद्राच्या पावतीवर त्याचा नंबर छापलेला असे.

"बोटं बोलून राह्यली," पलीकडून आवाज आला. पवन खिडकीच्या दांडीला घट्ट धरून बसला. "माह्या याडीनं, म्हंजे मायनं, एका हातानं भाकरी थापणं सुरू केलं. बापू धुणं धुते. साऱ्या तांड्यात बोंब झाली की चंदा राणी झाली म्हून."

"अन् रेघा?"

"रेघा पाहाले तुमी पाह्यजे ना. मले काय समजते?" मग थोडं थांबून, "एक सांगा. नंबर तं होता तुमच्याजवळ. काहून नाई केला फोन?"

एसटी खड्ड्यातून उसळली. पवनच्या तोंडून खरं तेच निघालं.

"तो नंबर तुमी सरकारले देल्ला होता… मले नाई."

फोन कटला की काय म्हणून त्यानं कानापासून काढून पाहिला.

"बरं," चंदा म्हणाली, आणि तिचा आवाज आता वेगळाच झाला होता. "मंग आता मी देऊन राह्यली. तुमाले."

त्यानंतर रोज फोन. सुरुवात बोटांपासून व्हायची आणि कुठं कुठं जायची. तिनं त्याला जर्मन शिकवायचा प्रयत्न केला. तिच्या तोंडून ती भाषा ऐकताना पवनला वाटायचं, कुणीतरी मक्याचे दाणे भाजतंय. त्यानं तिला गावोगावच्या गमती सांगितल्या. फोटोसाठी मिशा रंगवून आलेला म्हातारा, ठसे देताना देवाचं नाव घेणारी बाई. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

बाजाराच्या दिवशी मालेगावच्या बसस्टँडजवळ ती भेटली. जांभळा दुपट्टा, केसांत कडुनिंबाचा मोहर अडकलेला. पवननं उत्साहानं रसवंतीकडे बोट दाखवलं. "रस घेतेस?"

"ज्यानं माही बोटं खाल्ली, त्याचाच रस पाजतोस?"

पवनचा चेहरा असा पडला की ती खळखळून हसली. शेवटी त्यांनी मठ्ठा घेतला. लिंबाच्या सावलीत उभं राहून तिनं हात पुढं केला. "पाह्य."

त्यानं तिचं बोट उन्हाकडे धरलं. चिरा बुजल्या होत्या. टोकावर बारीक, अगदी बारीक गोल रेघा दिसत होत्या, पेरणीनंतर शेतात पिकाचे तास दिसायला लागतात तशा.

"रेघा उगवून राह्यल्या," तो म्हणाला.

"मंग तोंड काहून कडू?"

काय सांगणार? त्यानंच सांगितलेलं तेल, त्यानंच सांगितलेला आराम, आणि उगवणारी एकेक रेघ तिला त्याच्यापासून लांब नेत होती. त्यानं बोट सोडलं नाही एवढंच. तिनंही काढून घेतलं नाही. मठ्ठेवाला खाकरला, तेव्हा कुठं दोघं भानावर आले.

एप्रिलमध्ये तोच हॉल, तेच टेबल. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. चंदा आली ती गंभीर होऊन. हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

उजव्या हाताची चार बोटं. हिरवा दिवा. डावी चार. हिरवा. आता दोन्ही अंगठे. लाल.

"पुन्हा ठेव."

लाल.

पवननं पडद्याकडे पाहिलं. एक विचार आला, आणि तो किती सोपा होता याचीच त्याला भीती वाटली. 'नाई जमलं' असं टाकलं की झालं. कुणी विचारणार नाही. मशीन खोटं बोलली असंही कुणी म्हणणार नाही. बॅच निघून जाईल, चंदा तांड्यावर राहील, बाजाराच्या दिवशी लिंबाखाली भेटत राहील… आणि पुढच्या दिवाळीनंतर आई-बापासोबत पुन्हा उसात जाईल.

तो उठला. बाटलीतल्या पाण्यानं रुमाल ओला केला, तिच्या हातात दिला. "गरमीनं अंगठे कोरडे झाले. थोडा वेळ धरून ठेव. घाबरू नको. मी आहो ना."

तिनं रुमाल धरला. त्यानं काच नीट पुसली, मशीन सावलीकडे वळवली. मग तिचे अंगठे स्वतःच्या हातानं काचेवर ठेवले आणि श्वास रोखून धरला.

हिरवा.

चंदानं दोन्ही हातांत चेहरा लपवला. ती हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पवन मात्र निमूट टाइप करत राहिला. फाइल पाठवली. पडद्यावरून तिची बोटं पुसली गेली.

"पवन, माह्याकडे पाह्य."

त्यानं पाहिलं.

"थांब म्हण ना एकदा."

"नाई म्हणणार."

"काहून?"

"कारण तू थांबशीन… अन् मंग मले माफ नाई करशीन. तुले जाताना पाहाचं आहे मले, चंदा. अन् येताना बी. किती बी दिवस लागो. माह्या मनात तू हाय. हे आज सांगून राह्यलो, पण तुले अडवाले नाई. तुले ठाऊक असलं पाह्यजे म्हून."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. चंदा टेबलाला वळसा घालून आली आणि त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून उभी राहिली.

"थांब म्हणला असता ना," ती म्हणाली, "तं मी खरंच गेली असती. कायमची."

जूनमध्ये ती गेली. त्याआधी पवननं घरी सांगितलं. पोरगी तांड्यावरची आहे हे ऐकून वडील, रामराव, गोठ्याकडे निघून गेले. मनकर्णाबाई बराच वेळ तांदूळ निवडत बसल्या. मग विचारलं, "जर्मनीत चहा भेटते काय तिले?" पवननं आईचे पाय धरले. रामराव गोठ्यातून परतले ते जेवायच्या वेळी, आणि जेवताना एकदाच म्हणाले, "नर्स होय म्हणता?" एवढ्यावर त्या दिवशी भागलं.

तिथल्या विमानतळावरून चंदाचा फोन आला तेव्हा पवन वाशीमला होता.

"खिडकीतल्या माणसानं बोटं ठेवाले लावली. अन् एका झटक्यात सारे हिरवे!" ती धापा टाकत होती. "त्यानं जर्मनमधी इचारलं, एवढी काहून हसून राह्यली म्हून."

"मंग काय सांगतलं?"

"सांगतलं, हे बोटं एका माणसानं उगवले. त्याले काई समजलं नाई बिचाऱ्याले. जा म्हणला." मग आवाज खाली आला. "पवन… विमानात बसाच्या आधी मी बापूले आपलं सांगून देल्लं."

"काय म्हणले ते?"

"काईच नाई. त्याचीच भीती हाय."

पवनचे पुढचे दिवस जिवात जीव नसल्यासारखे गेले. मग शेलूबाजारलाच केंद्र लागलं होतं, त्या सकाळी एक उंच, पांढऱ्या पटक्यातला माणूस आत आला आणि टेबलासमोर उभा राहिला. पवन कामात होता. मान वर न करताच त्यानं विचारलं, "बसा बाबा. कोणत्या देशाले जाता?"

"देशाले नाई जात. पोरगा पाहाले आलो."

पवनच्या हातातला माउस टेबलावरून खाली पडला. त्या माणसानं वाकून तो उचलला आणि जागेवर ठेवला. कोयत्यानं घडवलेले, रुंद हात होते ते.

"मी बाबूसिंग. चंदाचा बाप." त्यानं पवनला वरून खाली आणि खालून वर पाहून घेतलं. "पोरीनं सांगतलं, तू तिले थांब नाई म्हणला. माह्या घरात तं साऱ्यायनं म्हणलं. तिच्या मायनं म्हणलं, मी बी एकदा म्हणलो. तूच एक नाई म्हणला. तवा म्हणलं, पाहून यावं कोण होय हा."

पवननं पाण्याचा ग्लास पुढं केला. बाबूसिंगनं पाणी प्यायलं, सावकाश, सगळं.

"चंदा सुट्टीवर येईन तवा बोलू पुढचं. तुह्या बापासंग बी बोलाचं हाय. तो मानते की नाई, ते त्याच्या अन् माह्यावर सोड." मग त्यानं भुवया उंचावल्या. "आमची गोर बोली येते तुले?"

"नाई."

"मंग शीक बाबा. पोरगी राग आला की त्याच बोलीत बोलते. समजलं नाई तं तुहं काई खरं नाई."

पवननं खुर्ची त्यांच्यासाठी ओढली आणि लॅपटॉप मिटला.

"आजपासूनच शिकवा, बापू."