निळ्या पानांचा कुर्ता

"सगळ्यात पिवळी हळद कोणती हो?"

वसमतच्या गोदामात मला असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. लोक ओलावा विचारतात, माती किती ते विचारतात. हळकुंडं मशीनमध्ये टाकून ओलावा मोजायचा, हेच माझं काम. मी मान वर केली. समोर एक उंच, सावळा तरुण उभा होता आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर चिमुकल्या सायकली छापलेल्या होत्या.

"खायला पाहिजे का?"

"न्हाई. कापड रंगवायला."

"हळदीचा रंग कच्चा असतो. उन्हात उडतो."

"म्हाईत आहे. तुरटी लावून बघून राहिलो. तरी उडतोच थोडा." तो हसला. "उडू द्या की. परत रंगवता येतो."

मी त्याला हळकुंडांचा एक ढीग दाखवला. दोन किलो पिशवीत भरून घेताना त्याची नजर माझ्या कुर्त्यावर गेली. कधीकाळी तो बदामी होता. आता त्याला रंग म्हणावा असं काही उरलं नव्हतं. माझे चारही कुर्ते तसेच होते. हळदीची धूळ बसली तरी चालेल असे.

"बस स्टँडच्या मागं माझं दुकान आहे," तो म्हणाला. "आयुष. ठशाचं कापड म्हणलं की कुणीबी सांगंल. या कधी."

मी पुढच्या पोत्याकडे वळले. पण माझ्या गावी, जवळा बाजारला, जाणारी संध्याकाळची बस पकडताना, स्टँडच्या मागे एकदा बघून घेतलं... उगीच.

त्याच आठवड्यात घरी एक बातमी आली. पाडव्यानंतरच्या रविवारी नांदेडचे लोक मला बघायला येणार होते. मुलगा बँकेत होता. माझे वडील, आबा, खुशीत होते. आरोही वैनींनी माझं कपाट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"प्रियदर्शनी, हे काय कपडे आहेत का फडके? ह्यात एकबी धड न्हाई. उद्या तुझ्या सोबत वसमतला येते."

दुकान कुठलं निवडायचं, ते मी सुचवलं. का सुचवलं, ते वैनींनी विचारलं नाही.

छोटंसं दुकान होतं. एका बाजूला लाकडी ठसे मांडलेले, दुसऱ्या बाजूला दोरीवर वाळणारं कापड. कुठं ज्वारीची कणसं, कुठं कापसाची बोंडं, कुठं एसटीच्या खिडक्यांची रांग. एका काळ्या कापडावर शेळ्याच शेळ्या होत्या. सगळ्या एका दिशेने चाललेल्या, फक्त एक मान वळवून मागे बघणारी.

"ही एकटी काहून मागं बघून राहिली?" मी विचारलं.

"कळपात एक असतीच तशी. आमच्या घरी मेंढ्या-शेळ्या आहेत, पुसेगावला. लहानपणापासून बघतो. तिचं कायतरी मागं राहिलेलं असतं."

"काय?"

"ते ती सांगत न्हाई."

वैनींनी घसा साफ केला. "आमच्या पोरीला बघायला येणार आहेत. चांगलं, उठावदार दाखवा."

आयुषचा हात कापडाच्या घडीवर थांबला. क्षणभरच. मग त्याने विचारलं, "पोराला कोणता रंग आवडतो?"

"ते काय म्हाईत."

"मग ह्यांना काय आवडतं, ते इचारावं लागंल."

तो माझ्याकडे बघत होता... आणि मला, सव्वीस वर्षांच्या बाईला, आपल्याला कोणता रंग आवडतो ते सांगता येईना. वैनींनी गुलाबी निवडला. मी शेळ्यांचं काळं कापड उचललं. आयुषने दोन्ही कागदात बांधलं आणि वर एक जोडी कानातली ठेवली. शेळीच्या गळ्यातल्या घंटीसारखी, पण बोटाच्या पेराएवढी पितळी.

"ही आम्ही घेतली नाहीत," मी म्हणाले.

"घालून बघा. आवडली न्हाई तर परत आणा."

परत आणायला म्हणून मी पुढच्या मंगळवारी गेले. कानातून काढलीच नव्हती.

"परत आणली व्हय?" त्याने विचारलं.

"हो."

"मग द्या."

मी कानाला हात लावला, आणि दोघंही हसलो. नंतर मला कारणं सापडतच गेली. शिवलेल्या काळ्या कुर्त्याची बाही सैल होती. ओढणी आखूड होती. लोकरीचा विणलेला पट्टा हवा होता. तो त्याच्या आईने, चांगुणाबाईंनी, हातावर विणलेला होता. काळ्या कुर्त्यावर तो कमरेला बांधला आणि दुकानातल्या अर्ध्या आरशात मी मला ओळखलंच नाही.

"एक सांगू?" तो म्हणाला. "हळदीचं काम म्हणून मळकटच काहून घालायचं? हळदीच्याच रंगाचं घाला. डाग पडला तरी कापडाचाच दिसंल."

आणि त्याने तसा कुर्ता करून दिला. पिवळ्याधमक कापडावर हळदीची लांबट पानं, निळीने छापलेली. मी तो घालून गोदामात गेले, तर तिथं पोती शिवणाऱ्या अख्तरीखाला सुई थांबवून बघत राहिल्या. "बेटी," त्या म्हणाल्या, "आज तू पोत्यावाली नहीं लगती." दिवसभर हळद उडत होती आणि मी एकदाही अंग झटकलं नाही.

पण आयुष काही बोलत नव्हता. कापडाबद्दल भरभरून बोलायचा. ठसा किती दाबायचा, कडेला रंग का साचतो. माझ्याबद्दल, त्या रविवारबद्दल, एक शब्द नाही. मोबाईलवर निरोप यायचा, 'ओढणी तयार झाली.' मी तो निरोप पाच-पाच वेळा वाचायची, जणू त्यात आणखी काही लिहिलेलं असेल. त्याच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसायचं. मी वाट बघायची... मग तेही जायचं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. त्याच्या पुढच्या दिवशीही. शटरवर कागद चिकटवलेला, 'गावी गेलो आहे.' मोबाईलच्या स्टेटसवर मेंढ्यांचा फोटो, बस. मी त्या शटरपुढे उभी राहिले आणि मला इतकं रितं वाटलं, की डोळ्यांदेखत सुटलेली बस पकडायलाही धावले नाही. पुढच्या बसने घरी गेले. वैनींना सांगितलं, गोदामात उशीर झाला.

रविवारी नांदेडचे लोक आले. वैनींनी गुलाबी काढून ठेवला होता. मी निळ्या पानांचा घातला, कानात त्या घंट्या. वैनींनी माझ्याकडे बघितलं आणि गुलाबी परत कपाटात ठेवला.

मुलगा सभ्य होता. आम्हाला दोघांना अंगणात बोलायला सोडलं, तेव्हा त्याने विचारलं, "हे प्रिंट वेगळंच आहे. कुठून घेतलं?"

मी सांगायला लागले. ठसा सागवानी लाकडाचा असतो, पान कोरायला चार दिवस लागतात, तो आधी कागदावर काढतो, नीट जमलं नाही तर स्वतःवरच चिडतो, हळद तुरटीत भिजवतो, रंग उडाला तर म्हणतो, उडू द्या की...

मी थांबले. मुलगा शांतपणे ऐकत होता.

"तो कोण?" त्याने विचारलं.

माझा हात कानातल्या घंटीकडे गेला. तो थोडा हसला, वाईट वाटल्यासारखा, पण रागावल्यासारखा नाही. "घरी मी सांगतो, जमत नाही म्हणून," तो म्हणाला.

"नको. माझ्या घरी मी सांगते. तुमच्यावर दोष कशाला?"

ते गेल्यावर मी आबांना नकार सांगितला. त्यांनी कारण विचारलं तर मी म्हणाले, "दोन दिवसांनी सांगते." आबा चार घास कमी जेवले. त्यांचा तो त्रास मला बघवत नव्हता, पण माघारही घेता येत नव्हती.

मंगळवारी दुकान उघडं होतं. आयुष ठसे धूत बसला होता. मला बघून उठला.

"ठरलं?" त्याने विचारलं.

"गावाला काहून गेला होता?"

"मेंढ्या कातरायच्या होत्या."

"खरं सांगा."

त्याने हात पुसले. "वैनी म्हणाल्या होत्या, जमलं की लग्नाचा बस्ता इथंच घेऊ. तुमच्या लग्नाचं कापड मी छापायचं... ते माझ्यानं झालं नसतं. म्हणून गेलो."

"मग आधी काहून बोलला न्हाई?"

"काय बोलणार? बँकेतला पोरगा कुठं, मी कुठं. आमची जात वेगळी, घरी मेंढरं. तुमचे आबा माझ्यासमोर उभे तरी राहतील का?"

"मी त्या स्थळाला नाही म्हणून सांगितलं," मी म्हणाले.

त्याने फडकं खाली ठेवलं.

"तुमच्यासाठी नाही. तुम्ही तर काही बोललाच नव्हता. मला आता माहीत आहे मला काय आवडतं, म्हणून सांगितलं." मी ओढणी खांद्यावर सारखी केली. "पुढचं तुम्ही ठरवा."

आयुषने ठसे फडक्यावर पालथे घातले. किल्ल्या घेतल्या. शटर ओढलं. "पाचची बस मिळंल का?" त्याने विचारलं.

बसमध्ये गर्दी होती. मला जागा मिळाली, तो पुढे दांडी धरून उभा. जवळा बाजार येईपर्यंत त्याने एकदाही मागे बघितलं नाही; त्याच्या मानेवर घाम आला होता, तो मला दिसत होता.

आबा ओसरीवर बसलेले होते. आयुषने वाकून नमस्कार केला.

"मी आयुष. पुसेगावच्या मेंढरंवाल्या ज्ञानबाचा पोरगा. प्रियदर्शनीबद्दल बोलायला आलो."

आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग मला. ओसरीवर चढणाऱ्या कोंबडीला त्यांनी हाकललं.

"आपली सोयरीक जुळत न्हाई, हे म्हाईत आहे ना?" आबा म्हणाले.

"म्हाईत आहे."

"तरी आला?"

"व्हय. न बोलता बसलो, तेच चुकलं होतं."

आबांनी मोठा श्वास घेतला. सतरंजीचं टोक सरळ केलं. "बस," ते म्हणाले. "प्रिया, पाणी आण."

मी आत गेले. वैनी दाराआडच उभ्या होत्या. त्यांनी माझा हात घट्ट दाबला. मी तांब्या भरला. बाहेरून आबांचा आवाज आला, "मेंढ्या किती हायत तुमच्याकडं?" आणि आयुष घाईघाईने सांगायला लागला, मोठ्या किती, पिल्लं किती, औंदा आजारी किती पडल्या. आबा मध्येच काहीतरी विचारत होते, तो उत्तर देत होता. मी भरलेला तांब्या छातीशी धरून ऐकत उभी राहिले, आणि पाणी न्यायचं विसरूनच गेले.