बिनमिरचीचं लग्न

सुकलालचा आवाज सगळ्या उधना वस्तीला ठाऊक होता. खानदेशातून सुरतेत येऊन राहिलेल्या घरांमधलं लग्न त्याच्याशिवाय पार पडत नसे, असं तो स्वतः म्हणत नसला तरी बाकीचे म्हणत. आठवडाभर पलसाण्याच्या कारखान्यात साड्यांच्या घड्या घालणाऱ्या खात्यावर देखरेख करायची आणि लग्नसराईत मांडवाच्या दाराशी माइक धरून उभं राहायचं, असं बावीस वर्षं चाललं होतं. "भेस्तानचे दत्तूभाऊ आलेले आहेत, त्यांचं स्वागत. मंडपात यावं." काम एवढंच. पण त्यात त्याचा एक नेम होता. माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय तो नाव उच्चारत नसे. अमक्या पुढाऱ्याचं नाव आधीच घेऊन टाका म्हणून लोक कोपरानं ढोसायचे, तरी हा ढिम्म. स्वतःचं नाव मात्र त्यानं माइकवर कधीच घेतलं नव्हतं. माइकवाल्याचं स्वागत कोण करतो?

वस्तीतल्या कुंदनचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एक संगणक, एक माइक आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या डाग पडलेल्या साड्या. तिथं तो अहिराणी विनोदी व्हिडिओ तयार करायचा. यंदा त्याच्या डोक्यात जर्मन सिनेमे शिरले होते. परीकथांची टिंगल करणारे, पोरकट, आरडाओरड्याचे. आजीचा झगा घातलेल्या लांडग्याचं पोट बिघडतं, बोलका आरसा राणीला वजन कमी करायला सांगतो, बुटके भांडी घासण्याच्या पाळीवरून मारामारी करतात. कुंदननं ते मुंबईतल्या कुणाकडून रीतसर घेतले होते आणि त्यांना अहिराणी आवाज द्यायचे होते. लांडग्याला आणि आरशाला सुकलालनं आवाज देऊन झाला होता. सुकलालला त्यात फारसं हसू आलं नाही, पण जर्मनीतली माणसंही इतकी वेडपट असू शकतात हे पाहून त्याला बरं वाटलं.

एप्रिलच्या एका रविवारी सकाळी कुंदननं राजवाड्यातल्या लग्नाचा प्रसंग लावला. बर्फानं भरलेलं अंगण. लोकरीचे कपडे घातलेले पाहुणे. दाराशी एक लालभडक नाकाचा माणूस कागदाची भेंडोळी उघडून पाहुण्यांची नावं पुकारतोय.

"हाई तुम्हनंच काम शे, आप्पा," कुंदन म्हणाला. "जी नावं सुचतीन ती ल्या."

सुकलालला नावं शोधावी लागली नाहीत. मे महिन्याच्या एकोणीस तारखेला त्याच्या एकुलत्या एक लेकीचं, गायत्रीचं लग्न होतं. गायत्री शाळेत शिकवायची. मुलगा पलसाण्याचा, अमोल नावाचा, एका ऑफिसात नोकरीला. पत्रिका कुणाकुणाला द्यायच्या त्याची यादी सुकलालच्या डोक्यात आठ दिवस फिरत होती. तीच बाहेर पडली. भेस्तानचे दत्तूभाऊ आणि रुक्मिणीवहिनी. धुडकूबापू. व्याही बन्सीलालजी. नवरीची आई सरलाबाई. शेवटी अंगणात तोंड झाकलेली राजकन्या आली, तेव्हा सवयीनं तो म्हणाला, "नवरी मुलगी गायत्री हिला मंडपात आणावं." पुढं अमोलचं नाव घ्यायला त्यानं श्वास घेतला, तोवर पडद्यावरच्या माणसानं ओठ मिटले आणि भेंडोळी गुंडाळली.

"नवरदेव कोठे शे?" सुकलालनं विचारलं.

"तो पुढला भागमा येस. तो भाग आपलाजोडे नही."

एरवी ओठ आणि शब्द जुळवायला कुंदनचे दोन दिवस जात. त्या दिवशी त्याला काहीच पुढंमागं सरकवावं लागलं नाही. प्रत्येक नाव त्या माणसाच्या ओठांवर चपखल बसलं होतं. कुंदननं तीनदा लावून पाहिलं आणि मान हलवली. सुकलालच्या मनाला थोडं लागून राहिलं ते दुसऱ्याच कारणानं. समोर कुणी नसताना त्यानं नावं घेतली होती. पण हे खेळातलं लग्न, असं म्हणून तो घरी गेला.

पुढच्या रविवारी तो पत्रिका घेऊन निघाला. पहिलं घर दत्तूभाऊंचं. बाहेर ऊन असं की गाडीच्या सीटवर बसवत नव्हतं. दत्तूभाऊंनी पत्रिका हातात घेतली, वाचली, आणि थट्टा आहे की काय अशा नजरेनं त्याच्याकडे पाहिलं.

"लगीन तं व्हई गयं ना, सुकलाल."

"कोणं?"

"गायत्रीनं. आम्ही येल व्हतूत ना." दत्तूभाऊ जरा घुटमळले. "तूच दिखना नही."

रुक्मिणीवहिनी पाणी घेऊन आल्या. त्यांच्या गळ्याला मफलर होता आणि घसा बसला होता. "थंडी कितली व्हती," त्या एवढंच म्हणाल्या.

सुकलाल सरळ विचारांचा माणूस. त्यानं ओळखलं की कुंदनचा व्हिडिओ यांनी पाहिलाय आणि आपली फिरकी घेताहेत. त्यानं तिथूनच कुंदनला फोन लावला. व्हिडिओ अजून कुणालाच दाखवला नव्हता. गायत्रीच्या लग्नाला कुठला शर्ट घालू, असं उलट कुंदननंच विचारलं.

धुडकूबापू ऐंशीचे. थट्टा करण्याचा त्यांचा पिंडच नव्हता. त्यांनी पत्रिका नुसती बाजूला ठेवली. लग्न चांगलं झालं, म्हणाले, फक्त भाजीत मिरची नव्हती आणि पाय गारठून गेले. मग आवाज उतरवून म्हणाले, "बाप पाहिजे व्हता रे. सगळा इचारी ऱ्हायंतात."

"आणि नवरदेव?" सुकलालनं विचारलं. "नवरदेव कसा व्हता, बापू?"

बापूंनी पत्रिका उचलून त्याच्या पिशवीत परत घातली.

"पोर शाणी शे," ते म्हणाले. "सांभाळी लई."

उरलेल्या पत्रिका पिशवीत तशाच ठेवून सुकलालनं रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि बन्सीलालजींना फोन लावला. व्याही अगदी आदबीनं बोलले. अमोलचं अजून कुठं काही ठरलेलं नाही, म्हणाले. तुमच्या गायत्रीच्या लग्नाला आलो होतो, तेव्हा तुमची भेट झाली नाही, राहून गेलं. आणि त्यांनी फोन ठेवला.

सुकलालला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

घरी आला तर दारात चपला नीट लावलेल्या. गायत्री हिरव्या चुड्यानं भरलेल्या हातांनी बॅगेत कपडे घालत होती. अंगावर जाडजूड लोकरीचं जाकीट. सरलाबाई तिची ओटी भरत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"कोठे चालनी, बेटा?"

"घरी, पप्पा. चार दिवस झाले ना मला येऊन."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. चेहऱ्यावर आनंद नव्हता आणि दुःखही नव्हतं. ड्यूटीवर निघालेल्या माणसासारखी ती बॅगेची चेन ओढत होती.

"घर कोठे शे तुनं?"

गायत्री थांबली. तिला वाईट वाटलेलं दिसत होतं.

"तुम्हीच तर दिलंत मला," ती म्हणाली. "नावानं बोलावून दिलंत. मी सारखी दाराकडे बघत होते. सगळे आले होते, पप्पा. फक्त तुम्ही नव्हतात."

ती त्याच्या पाया पडली. तिची बोटं बर्फासारखी गार होती. खाली रिक्षा उभी होती की दुसरं काही, ते त्याला गॅलरीतून दिसलं नाही. तो जिना उतरून गेला तेव्हा गल्ली रिकामी होती.

तो तसाच कुंदनकडे गेला. कुंदन एकटा असा माणूस होता ज्याला अजून एकोणीस तारीख ठाऊक होती. त्याच्याजवळ बसून राहावं, पोलिसांत जावं, डॉक्टरकडे जावं, असं सगळं सुकलालच्या मनात येऊन गेलं. पण पोलिसांना काय सांगणार? ज्यांना विचारायचं ते सगळे त्या लग्नाला जाऊन आलेले होते, लग्न झालं असंच ते सांगणार. आणि लेकीच्या लग्नात बाप नव्हता, हे तर त्याला सोसतच नव्हतं.

"मनं नाव टाकनं शे," तो म्हणाला.

"कोठे टाकशात? त्याना ओठ मिटेल शेतस, आप्पा."

"तरी चालू कर."

कुंदननं चालू केलं. बर्फ, पाहुणे, लाल नाकाचा माणूस. एकेक नाव सुकलालच्याच आवाजात येत गेलं. राजकन्या आली. ओठ मिटले.

सुकलाल माइकजवळ सरकला.

"नवरीचे वडील सुकलाल आलेले आहेत," तो म्हणाला. "त्यांचं स्वागत. मंडपात यावं."

कुंदननं जोडून पुन्हा लावलं.

या वेळी त्या माणसानं भेंडोळी गुंडाळली नाही. तो थांबला, वाट पाहिली, आणि त्याचे ओठ हलले. अगदी बरोबर.

कुंदननं माउसवरचा हात काढून घेतला.

सुकलाल उठला. दुकानाबाहेर रस्ता उन्हानं तापलेला होता, पण त्याला हुडहुडी भरली होती. त्याला आता सगळं आठवत होतं. पायांखालचा बर्फ, सपक भाजी, गर्दीतून त्याला पाहून उजळलेला गायत्रीचा चेहरा. तिच्या शेजारी कोण उभं होतं, तेही.

घरी सरलाबाई ओटीचे सांडलेले तांदूळ वेचत होती. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"नवरदेव दिखना?" तिनं विचारलं.

सुकलालनं होकारार्थी मान हलवली.

सरलाबाई उठली. तिनं दार लावलं, कडी घातली, दोन्ही खिडक्या बंद केल्या, आणि मगच रडायला बसली.