चिमणीची मूठ

कुंपणापलीकडे सायकल थांबली तेव्हा जीना तगरीची फांदी वाकवून फुलं खुडत होती, आणि तोंडावर मास्क नव्हता. तिने घाईघाईने ओढणी नाकावर ओढली. फांदी हातातून सुटली आणि झाडावरचं सगळं दव तिच्याच डोक्यावर पडलं.

"मी काही पाहिलं नाही हं," पलीकडून आवाज आला.

"काय पाहिलं नाही?"

"तेच... दवाची अंघोळ."

जीनाने मान वर केली. निळ्या मास्कवर दोन डोळे तेवढे दिसत होते, आणि ते हसत होते. सायकलच्या मागे वेताची मोठी टोपली होती, तिच्यात झेंडूचे ढीग.

"चर्चकडून फुलं गोळा करतोय," तो म्हणाला. "मी जॉयल. होळी बाजाराच्या मागे आमची वाडी आहे."

नोव्हेंबरची दोन तारीख, मृतात्म्यांचा दिवस. एरवी या दिवशी वसईत घरी कोण बसतं? सकाळीच खराटे आणि बादल्या घेऊन गाव सिमेट्रीत जमायचं. कबरी धुवायच्या, फुलांनी सजवायच्या, दिवेलागणीला मेणबत्त्या लावायच्या. पोरासोरांना आपल्या पणज्या-पणजोबांची ओळख व्हायची ती तिथेच. पण यंदा फादरांनी निरोप धाडला होता – टाळेबंदी आहे, आठवण घरीच करा. सिमेट्रीचं फाटक बंद. गावची दोन-चार पोरं तेवढी आत जाणार, आणि सगळ्या कबरींवर सारखीच फुलं वाहणार.

जीनाच्या घरात तर आजची सकाळ सरता सरत नव्हती. जुलैत तिची आई, हेलन बाई, करोनाने गेली. तेव्हा जीना आणि बाबा दोघंही विलगीकरण केंद्रात खाटेला खिळलेले. ना शेवटचं दर्शन, ना मूठमाती. माणूस मातीत ठेवलं की घरच्यांनी आपल्या हाताने मूठभर माती द्यायची, ही रीत. जीनाचा हात रिकामाच राहिला. तेव्हापासून फाटक फक्त दफनापुरतं उघडायचं. आपली आई एकटीच गेली, हे तिला रोज सकाळी पहिल्यांदा आठवायचं, चहाच्याही आधी.

"तुमच्या घरचं कोण आहे तिथे?" जॉयलने विचारलं.

"आई. हेलन."

तो सायकलवरून उतरला. "हेलन बाई? आचोळ्याच्या शाळेतल्या?"

"तुम्ही ओळखता?"

"चौथीला त्यांच्याच वर्गात होतो. तेव्हा आम्ही आचोळ्याला राहायचो." त्याने तिच्या हातातल्या परडीकडे पाहिलं. "मग तगर नको. भिंतीकडची रांग ती, दिवसभर ऊन. दुपारीच माना टाकतील. शेवंती आहे?"

जीनाचा हात फांदीवरच थांबला.

"आईला कुठे ठेवलंय ते मलाच माहीत नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला कसं माहीत?"

तो खाली बघू लागला. सायकलची घंटी अंगठ्याने उगाच पुसत राहिला.

"मी होतो... त्या दिवशी. आम्ही चौघं व्हॉलंटियर आणि फादर. नाव ऐकलं तेव्हा कळलं, आपल्या बाई. घर कुठलं ते ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी आलो असतो का, कोण जाणे. मयताचं काम करतो म्हणून लोक मला बघून वाट बदलतात. वाडीवरच्या पंपाच्या खोलीत एकटाच राहतो सध्या."

"मग... माती?" तिने विचारलं.

"दिली ना. एक माझी. आणि बाई वर्गात सारखं सांगायच्या – आज आमची चिमणी रुसली, आज आमच्या चिमणीने पुस्तकावर तेल सांडलं. म्हटलं, तिच्या वाटची कोण देणार? म्हणून एक मूठ चिमणीच्या नावाने टाकली." तो घुटमळला. "फक्त... लहान टाकली."

"लहान का?"

"मला वाटलं, चिमणी म्हणजे पहिली-दुसरीतली असेल. तेवढ्याशा हातात माती मावणार किती?" त्याने आपला रुंद पंजा अर्धा मिटून दाखवला.

चिमणी... हे नाव जुलैपासून त्या घरात कुणी घेतलं नव्हतं.

"अहो, ते तेल सांडलं तेव्हा मी पहिलीत होते. पंधरा वर्षं झाली त्याला."

"हिशेबात मी बाईंकडेही कच्चाच होतो."

जीना हसली. कित्येक महिन्यांनी हसली, आणि हसता हसताच डोळे भरून वाहू लागले. जॉयलचा हात कुंपणावरून पुढे आला, मध्येच अडला, आणि परत जाऊन सायकलच्या दांड्यावर बसला. दोघांच्या मध्ये अडुळशाची गुडघाभर वई तेवढी होती. एरवी ती कोंबडीसुद्धा ओलांडायची.

"रुमाल आहे," तो म्हणाला, "पण द्यायचा नाही ना..."

"नकोच. ओढणी आहे."

"जीना, कोण आहे गं?" ओट्यावरून फ्रान्सिसबाबांनी हाक दिली. त्यांना दमा होता. जुलैपासून ते पायरीखाली उतरले नव्हते.

"आईचा विद्यार्थी, बाबा. जॉयल. तो होता... आईजवळ. आपण नव्हतो तेव्हा."

बाबा दाराला धरून उभे राहिले. मग त्यांनी लांबूनच हात जोडले.

"काका, असं नका करू," जॉयल ओशाळला.

"बाईंनी कधी छडी दिली होती का रे तुला?"

"एकदा. पाढे चुकलो म्हणून."

"मग आमचाच आहेस. जेवून जा म्हटलं असतं, पण..."

"पुढच्या वेळी, काका."

जॉयलने टोपली वईवर ठेवली आणि स्वतः मागे सरकला. जीनाने तगर बाजूला ठेवली, वाफ्यातली शेवंती खुडून ओंजळी-ओंजळीने टोपलीत टाकली आणि तीही मागे सरकली. मग त्याने टोपली उचलली.

"ही सगळ्यांना सारखी वाहा," ती म्हणाली. "आईलाही तेवढीच."

"आणि तुमच्या नावाची वेगळी?"

"माझी माती उरलीय अजून. तू लहानच टाकलीस ना... उरलेली मी माझ्या हाताने देईन. फाटक उघडलं की. पण रांग दाखवायला कुणी तरी हवं."

'तू' कसा आला, कुठून आला, कुणास ठाऊक. दोघांनी तो ऐकला आणि दोघांनीही न ऐकल्यासारखं केलं.

"मी येईन न्यायला," जॉयल म्हणाला. सायकलवर बसला, पण पाय जमिनीवरच. "आणि तिथून परत येताना? तू चालत आणि मी पुढे सायकलवर... की दोघंही चालत?"

"ते तिथे आईसमोर ठरवू. तुझ्या हिशेबाचा काही भरवसा नाही."

तो वळला. बावखळाच्या तळ्याकाठाने जाताना त्याने दोनदा घंटी वाजवली. वाटेत तर कुणीच नव्हतं.

संध्याकाळी बापलेकीने ओट्यावर मेणबत्ती लावली, प्रार्थना केली. फाटक कधी उघडेल, हे गावात कुणालाच सांगता येत नव्हतं. जीना मात्र त्या दिवसापासून वाट पाहू लागली... आता फाटकाचीच पाहत होती, असं काही शपथेवर सांगता यायचं नाही.